खिरवडकरांची वॉरंटी

भाऊराव खिरवडकर चेरीतालच्या घरून निघाले तेव्हा त्यांच्या गाडीची किंमत तीन लाख होती. दमोह नाक्यापर्यंत पोचता पोचता त्यांनी ती स्वतःच अडीचवर आणली, कारण अकरा वर्षं वापरलेल्या गाडीला वाटेल तो भाव मागणाऱ्यांतले ते नव्हते. नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये टाय लावलेल्या अक्षत नावाच्या विक्रेत्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, मागचं दार एका बोटानं दाबून पाहिलं आणि अत्यंत नम्रपणे सांगितलं, "अंकलजी, एक्सचेंज में पंचानवे दे देंगे."

"पंचानवे क्या?"

"हजार, अंकलजी."

भाऊरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. आकडा तोच राहिला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. भाऊराव छत्तीस वर्षं एका सरकारी कारखान्याच्या निरीक्षण विभागात होते. समोर येणाऱ्या प्रत्येक सुट्या भागाला मापं लावायची आणि त्यावर 'पास' किंवा 'नापास' असा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. आपण पास केलेला एकही नग कधी परत आला नाही, असं ते सांगत. त्यांनी पास केलेले नग मुळातच फार थोडे होते, असं त्यांचे सहकारी सांगत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. अशा माणसाच्या गाडीला एका बोटानं तपासून पंचाण्णव हजार म्हणणं हा गाडीचा नव्हे, तर तपासणी या शास्त्राचाच अपमान होता. भाऊरावांनी नवी गाडी बुक केली, कारण मुलीनं, ऋचानं, पुण्याहून सहा एअरबॅगांचा हट्ट धरला होता. पण जुनी एक्सचेंजमध्ये दिली नाही. "आम्ही आमची आम्ही विकू," ते म्हणाले. अक्षतला मराठी येत नव्हतं, त्यामुळे त्यानं "वेलकम सर" म्हटलं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी शेजारच्या विष्णुपंतांकडे पोचली. विष्णुपंतांकडे आयुष्यात कधी चारचाकी नव्हती. एक स्कूटर होती, पण तीही त्यांनी विकली नव्हती, ती चोरीला गेली होती. त्यामुळे गाड्यांच्या खरेदीविक्रीविषयी त्यांची मतं अनुभवानं अजिबात मळलेली नव्हती.

"भाऊराव, दोन लाख दहा सांगायचे," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. "समोरचा एक चाळीस म्हणेल. तुम्ही रुसून उठायचं. तो तुम्हाला बसवेल. एक सत्तरला सौदा."

"म्हणजे मला एक सत्तरच पाहिजेत, तर मी दोन दहा काहून सांगू?"

"त्याला काही तरी कमी करायचं समाधान नको का?"

"मग मी खोटं बोलू?"

"खोटं कुठे बोलून राहिले तुम्ही? किंमत सांगून राहिले!"

हा फरक भाऊरावांच्या शेवटपर्यंत लक्षात आला नाही. किंमत सरळ एक सत्तर ठरवून जाहिरात त्यांनी स्वतः लिहायला घेतली. तिला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी त्यांनी अंगणात गाडीखाली सतरंजी टाकून, टॉर्च घेऊन तिची तपासणी केली आणि तिच्यात एकूण एकतीस दोष आहेत असं जाहीर केलं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांच्या पत्नी पद्मजाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, गाडी विकायची आहे का तिच्यावर खटला भरायचा आहे?"

दोषांची विभागणी गंभीर, मध्यम आणि किरकोळ अशी होती. 'मागचा डावा दरवाजा बाहेरून उघडतो, आतून उघडत नाही. पावसाळ्यात याच्या उलट,' हा दोष ते मध्यम मानत. अडचण अशी झाली, की जाहिरातीच्या साइटवर ठरावीकच अक्षरं मावत. सगळा मजकूर अडीच पानांचा. त्यातला जेवढा मावला तेवढा छापून आला, म्हणजे फक्त 'गंभीर'.

तरीही फोन आले. भाऊरावांना माणसांचं आश्चर्य वाटलं. बहुतेक जण 'नमस्कार'ही न म्हणता "लास्ट प्राइस?" असं विचारत. पहिली किंमत ऐकायच्या आधी शेवटची विचारणाऱ्या माणसाशी काय बोलायचं हे न कळून भाऊराव फोन ठेवून देत. एका गृहस्थानं विचारलं, "मीटर पीछे किया है कि नहीं?" भाऊराव ताडकन म्हणाले, "बिलकुल नहीं!" त्यावर तो म्हणाला, "तो पहले कर लीजिए, फिर बात करते हैं." एका भंगारवाल्यानं सगळ्यात आपुलकीनं चौकशी केली. त्यानं गंभीर दोषांची यादी पूर्ण वाचली होती आणि त्याला त्यातला एकही दोष अडचणीचा वाटला नव्हता.

आठव्या दिवशी दारात भानुमती बर्मन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, उंच, खांद्याला कापडी पिशवी. बरगीच्या पुढे एका गावातल्या सरकारी शाळेच्या त्या हेडमास्तरीण होत्या. रोज बस, आणि बस सोडून पुढे चार किलोमीटर पायी, असं एकवीस वर्षं करून त्यांनी या वर्षी ड्रायव्हिंग शिकून घेतलं होतं. त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून जाहिरातीचा छापील कागद काढला आणि विचारलं, "भाईसाहब, ये तो गंभीर वाले हैं. बाकी के कहाँ हैं?"

भाऊरावांना गहिवरून आलं. आजवर त्यांच्या कुठल्याही अहवालाचा उरलेला भाग कुणी मागितला नव्हता. त्यांनी आतून दोन पानं आणून दिली. भानुमतीबाईंनी लाल पेन काढून एकतीसच्या एकतीस दोष वाचले, गाडीशी जाऊन एकेक ताडून पाहिला, प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली आणि 'सायलेंसर'मधली एक मात्रा दुरुस्त केली. मग खुर्चीवर बसून म्हणाल्या, "एक सत्तर ठीक है. इकतीस आपने बता दिए. बत्तीसवाँ निकला तो?"

"बत्तीसवाँ है ही नहीं."

"लिखकर देंगे?"

पद्मजाबाई चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. त्यांनी दारातूनच मान जोरात हलवली. एवढी जोरात, की कपातला चहा बशीत आला. पण भाऊरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते लेटरपॅड शोधत होते. घासाघीस न करता सांगितलेली किंमत मान्य करणाऱ्या आणि आपला अहवाल तपासून बरोबरच्या खुणा करणाऱ्या बाईंना नाही म्हणणं त्यांच्या हातून झालं नसतं. त्यांनी ठसठशीत अक्षरात हिंदीत लिहिलं, की वर नमूद केलेल्या एकतीस दोषांव्यतिरिक्त या गाडीत सहा महिन्यांच्या आत कोणताही दोष निघाल्यास तो मी, भाऊराव खिरवडकर, स्वखर्चानं दूर करीन. खाली सही, तारीख आणि सवयीनं एक शिक्का. शिक्का नुसत्या नावाचा होता, पण मारला तो जोरात.

बाई गेल्यावर पद्मजाबाई म्हणाल्या, "हे काहून लिहून दिलं तुम्ही? कंपन्यासुद्धा जुन्या गाडीला गॅरंटी देत नाहीत."

"कंपन्यांनी तपासली असती तर दिली असती," भाऊराव म्हणाले.

गाडी नावावर करून देणं हे काम भाऊराव एका सकाळचं समजत होते. आरसी बुकावर अजून कर्जाच्या बँकेचं नाव होतं. कर्ज फिटून सहा वर्षं झाली होती, पण नाव काढायला फॉर्म पस्तीस लागतो आणि त्यावर बँकेची सही लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि शाखा एका मिठाईच्या दुकानाच्या वर गेली होती. भाऊराव आणि विष्णुपंत दोघे गेले. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधलं.

"सर, आपका कोई लोन ही नहीं है," त्या म्हणाल्या.

"वही तो," भाऊराव खूश होऊन म्हणाले. "वही लिखकर दे दीजिए."

"नहीं सर. लोन होता तो लिख देते कि खतम हो गया. जो है ही नहीं, वो खतम कैसे होगा?"

विष्णुपंतांना हा मुद्दा बिनतोड वाटला आणि तसं ते मोठ्यानं म्हणालेही. जिना उतरताना भाऊराव त्यांच्या दोन पायऱ्या पुढे चालत होते. खाली मिठाईच्या दुकानात भाऊरावांनी खव्याची जिलबी घेऊन दिल्यावर विष्णुपंतांना स्वतःची चूक कळली. ती त्यांनी जिलबी संपल्यावर कबूल केली. शेवटी पद्मजाबाईंनी कपाटातल्या स्वेटरांखालून शेवटच्या हप्त्याची पावती काढली, तिच्या आधारानं ते कर्ज एकदा अस्तित्वात आणलं गेलं आणि मग आठवडाभरानं रीतसर संपवण्यात आलं.

पुढचा अडथळा मात्र भाऊरावांनी स्वतःच उभा केला होता. आरटीओच्या खिडकीत त्यांची आताची सही अकरा वर्षांपूर्वीच्या सहीशी जुळेना. जुनी सही नोकरीतल्या माणसाची होती. 'भा'चा काना कागदाच्या वरच्या कडेपर्यंत गेलेला, शेवटी 'र'च्या शेपटीला दोन वेढे आणि खाली एक रेघ. आताची सही पेन्शनच्या फॉर्मच्या चौकोनात बसवता बसवता अंगठ्याच्या नखाएवढी झाली होती. खिडकीतला माणूस सौजन्यानं म्हणाला, "बाबूजी, घर पर प्रॅक्टिस करके आ जाइए." त्यानंतर तीन दिवस भाऊराव डायनिंग टेबलाशी बसून शंभरपानी वहीत स्वतःचीच सही गिरवत होते. ऋचानं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "बाबा काय करून राहिले?" पद्मजाबाई म्हणाल्या, "तरुण होऊन राहिले." चौथ्या दिवशी सही जुळली. खिडकीतून परत येताना भाऊराव जरा ताठ चालत होते, असं विष्णुपंतांचं निरीक्षण आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस भानुमतीबाई गाडी घेऊन गेल्या. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी तीनदा इंजिन बंद पाडलं. निघण्याआधी एवढंच विचारलं, "भाईसाहब, छह महीने आज से गिनें?"

आठ दिवसांनी फोन आला. गाडीतून टिकटिक असा आवाज येत होता. नवी गाडी मिळायला अजून अवकाश होता, म्हणून भाऊराव बसनं बरगीला गेले आणि पुढचे चार किलोमीटर पायी. शाळेच्या आवारात गाडी उभी होती आणि खरोखर टिकटिक करत होती. उजवा इंडिकेटर चालू राहिला होता.

भाऊराव हसले. फार दिवसांनी ते इतके मोकळे हसले. "मॅडम, ये तो आपने बंद नहीं किया."

"मुड़ने के बाद तो ये अपने आप बंद होना चाहिए ना?" त्या म्हणाल्या. "ड्रायव्हिंग स्कूल की गाड़ी में तो अपने आप होता था."

भाऊरावांचं हसू थांबलं. त्यांनी आत बसून चाक उजवीकडे फिरवलं, सरळ केलं. टिकटिक चालूच. अकरा वर्षं ते इंडिकेटर हातानं बंद करत आले होते. भानुमतीबाईंनी पिशवीतून यादी काढली, वरून खाली बोट फिरवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "इसमें नहीं है."

बत्तीसावा.

परतीच्या बसमध्ये भाऊराव खिडकीला डोकं टेकून बसले होते. शेजारच्या माणसानं तब्येतीची चौकशी केली. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच भाऊरावांचा नग परत आला होता.

गाडी रिछाईला हल्के उस्तादांच्या वर्कशॉपमध्ये आली. हल्के उस्ताद हे वजनानं सव्वाशे किलो होते. नाव लहानपणी पडलेलं होतं. त्यांनी इंडिकेटर दुरुस्त केला आणि वॉरंटीचा किस्सा ऐकून खुर्चीत बसले. "लिखकर दे दिया? दद्दा, हम तो बोलकर भी नहीं देते."

नोव्हेंबरात रेडिएटर गळला. डिसेंबरात काच खाली गेली ती वर आली नाही. भानुमतीबाई दर वेळी अत्यंत अदबीनं फोन करत, आधी भाभींची तब्येत विचारत, मग दोष सांगत. भाऊराव पोचले की परतताना त्यांच्या हातात काही तरी देत. शिंगाडे, लिंबं, एकदा गोणीभर मटार. हे घेऊ नये असं भाऊरावांना वाटे, पण मटार शाळेच्या आवारातल्या वाफ्यातला होता आणि मुलांनी तोडून ठेवला होता. घरी पद्मजाबाई आणि विष्णुपंत दोन दिवस मटार सोलत बसले. विष्णुपंतांनी त्यातला निम्मा कच्चाच खाल्ला आणि बदल्यात सल्ला दिला.

जानेवारीत क्लचप्लेट गेली तेव्हा विष्णुपंतांनी सल्ल्याचा सूर चढवला. "भाऊराव, क्लच गाडीमुळे जात नाही. चालवणाऱ्याच्या पायामुळे जातो. हा दोष बाईंचा आहे. स्पष्ट सांगा."

भाऊराव स्पष्ट सांगायच्या तयारीनं गेले. तिथे गेल्यावर त्यांनी पाहिलं, की बाई क्लचवर पाय ठेवूनच चालवतात, कारण ड्रायव्हिंग स्कूलच्या माणसानं त्यांना एवढंच शिकवलं होतं. त्यांनी क्लचप्लेट बदलून दिली. मग शिकवण्यातली चूक राहिली तर नवी प्लेटही जाईल आणि तीही आपल्याच माथी येईल, या पूर्णपणे व्यावहारिक हेतूनं त्यांनी बाईंना मैदानात गाडी शिकवायला सुरुवात केली. दर शनिवारी. चौथी-पाचवीची मुलं मैदानाच्या कडेला ओळीनं बसत. इंजिन बंद पडलं की ती एका सुरात "क्लच!" असं ओरडत. बाई वर्गात फार कडक होत्या, त्यामुळे मुलांना शनिवार फार आवडे.

मधल्या काळात नवी गाडी आली होती. सहा एअरबॅगा, पडद्यावर नकाशा, आणि कुणीही न बसलेल्या मागच्या सीटवर कुणी तरी पट्टा न लावता बसलंय अशी अखंड तक्रार. पीं पीं पीं. एकोणिसाव्या दिवशी भाऊराव तिला शोरूममध्ये घेऊन गेले. अक्षतनं मागच्या सीटवर हात फिरवला आणि म्हणाला, "सर, सेंसर के ऊपर कुछ वजन रखा होगा. ये वॉरंटी में नहीं आता. वियर एंड टियर है."

"उन्नीस दिन में?"

"सर, बुकलेट में लिखा है."

ती पुस्तिका भाऊरावांनी घरी आणून पेन्सिल घेऊन वाचली. चौऱ्याऐंशी पानांची होती. कंपनी काय दुरुस्त करून देईल हे दोन पानांत होतं. उरलेल्या ब्याऐंशी पानांत, काय करून देणार नाही, हे होतं. रबर, काच, बल्ब, आवाज, कंप, वास, रंग, पक्ष्यांची विष्ठा आणि 'ग्राहकाची अपेक्षा' हे सगळं वगळलेलं होतं. भाऊरावांनी तिच्या शेजारी स्वतःच्या वॉरंटीची प्रत ठेवली. एक परिच्छेद. त्यात काहीही वगळलेलं नव्हतं. व्यवसायाच्या दृष्टीनं पाहिलं तर भारतवर्षात याहून मूर्खपणाचा कागद झाला नसेल, हे त्यांना निरीक्षक या नात्यानं मान्य करावं लागलं.

"मी म्हणून राहिलो होतो ना," विष्णुपंत म्हणाले. "आताही वेळ गेलेली नाही. पुढचा फोन आला की म्हणा, वेअर अँड टेअर."

भाऊरावांनी तो शब्द पाठ केला. आंघोळ करताना म्हणून पाहिला. आवाज ठीक येत होता.

पुढचा फोन फेब्रुवारीतल्या एका सकाळी पावणेसातला आला. त्या दिवशी पाचवी-आठवीची बोर्डाची परीक्षा होती. भानुमतीबाईंचं केंद्र होतं. पोलीस ठाण्यातून प्रश्नपत्रिकांचं सीलबंद खोकं घेऊन त्या शाळेकडे निघाल्या होत्या, आणि गाडी मध्येच बंद पडली होती. बरोबर एक शिक्षक होते, पण खोकं सोडून हलायची परवानगी नव्हती. नऊला पेपर. "भाईसाहब," त्या म्हणाल्या. "एक सौ चौदह बच्चे हैं."

भाऊरावांनी वेअर अँड टेअर म्हटलं नाही. ते "आया" म्हणाले आणि पायजम्यावरच नवी गाडी काढून निघाले. तिलवाराचा पूल, हायवे, पीं पीं पीं. पावणेआठला ते पोचले. जुनी गाडी रस्त्याच्या कडेला, शेजारी बाई खोकं धरून उभ्या. शिक्षक महाशय रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला हात करत होते आणि प्रत्येक वाहन त्यांना उलट हात करून जात होतं.

"चलिए, इसमें रखिए," भाऊराव नव्या गाडीतून उतरत म्हणाले आणि बाईंच्या हातातलं खोकं धरायला पुढे झाले. मागे 'टक्' असा आवाज झाला. नव्या गाडीनं सुरक्षेच्या दृष्टीनं स्वतःला कुलूप लावून घेतलं होतं. चावी आत होती. फोन आत होता. तिनं असं का केलं, हे आजतागायत कुणी सांगू शकलेलं नाही.

भाऊराव दोन मिनिटं त्या काचेतून आत पाहत उभे राहिले. पडद्यावर लिहून आलं होतं, 'आपली यात्रा शुभ असो.'

मग ते वळले, जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं. तिच्या आतलं सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. बॅटरीच्या टोकावर पांढरी बुरशी चढून तार सुटली होती. त्यांनी शिक्षकांकडून पट्टी मागून घेतली, टोक खरवडलं, बाईंच्या पिशवीतल्या बाटलीतलं पाणी ओतलं, तार बसवली, वर एका दगडानं दोन ठोके दिले. "लगाइए," ते म्हणाले. भानुमतीबाईंनी चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

"आप चलाइए, भाईसाहब. मुझसे फिर बंद हो जाएगी."

"नहीं," भाऊराव म्हणाले. "आप चलाएँगी. क्लच से पैर हटाकर."

ते मागे बसले, खोकं मांडीवर घेऊन. बाईंनी कच्च्या रस्त्यावरून, एकदाही इंजिन बंद न पाडता, गाडी शाळेत आणली. सव्वाआठ वाजले होते. मुलं ओळीनं उभी होती. मागचा दरवाजा आतून उघडत नसल्यामुळे भाऊराव खोकं घेऊन आतच बसून राहिले. शेवटी एका शिपायानं येऊन दार उघडलं, आणि पायजम्यातले भाऊराव सीलबंद प्रश्नपत्रिकांसह उतरले. मुलांना ते बोर्डाचे मोठे साहेब वाटले असावेत, कारण सगळ्यांनी एकदम "नमस्ते सर" म्हटलं. शनिवारी ओळखणारी मुलंही त्यात होती.

नवी गाडी दुपारी शोरूमच्या माणसांनी काच काढून उघडली. चावी आत राहणं ग्राहकाच्या चुकीत मोडत असल्यामुळे काचेचे पैसे भाऊरावांनी दिले. पान एकेचाळीस.

एप्रिलच्या अखेरच्या दिवसांत वॉरंटी संपत होती. घरातल्या कॅलेंडरवर पद्मजाबाईंनी त्या तारखेभोवती गोल केला होता. त्या दिवशी सकाळपासून भाऊराव फोनजवळ होते. फोन आला नाही. साडेअकराच्या सुमारास घरासमोर गाडी थांबल्याचा आवाज आला. भानुमतीबाई भर गर्दीतून, एकट्या, शहरात गाडी घेऊन आल्या होत्या. विष्णुपंतांच्या फाटकासमोर पाण्याचा टँकर आणि एक हातगाडी यांच्या मध्ये त्यांनी ती मागे घेत अशी लावली, की सल्ला द्यायला गॅलरीत आलेले विष्णुपंत आत निघून गेले.

आत येऊन त्यांनी पिशवीतून लेटरपॅडचा तो कागद काढला. घड्यांवर सेलोटेप लावलेली होती. "आज पूरे हो गए, भाईसाहब," त्या म्हणाल्या. "ये आपका कागज़. बच्चों का रिज़ल्ट भी अच्छा आया. आपको बहुत दौड़ाया हमने."

"नहीं नहीं," भाऊराव म्हणाले. कागद त्यांनी हातात घेतला. पद्मजाबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि सरबत करायला आत गेल्या.

भाऊरावांना हलकं वाटायला हवं होतं. ते कागद उलटसुलट करत राहिले. मग "जरा पाहून येतो," असं म्हणून बाहेर गेले. हात मागे बांधून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. मग बाईंना बोलावून ब्रेक दाबायला सांगितलं आणि मागे जाऊन उभे राहिले. उजवा दिवा लागत नव्हता. ते वाकले. पुढचं डावं टायर आतल्या बाजूनं झिजलं होतं. त्यांनी वायपर उचलून पाहिला. मग आत जाऊन चष्मा आणि लेटरपॅड घेऊन आले.

"अरे, मैंने तो कुछ कहा ही नहीं," भानुमतीबाई म्हणाल्या.

"आपने नहीं कहा. पर इस हालत में मैं पास नहीं कर सकता." ते बॉनेटवर कागद ठेवून लिहू लागले. ब्रेकचा दिवा, टायर, वायपर, हे सर्व दूर होऊन गाडी समाधानकारक ठरेपर्यंत हमी चालू राहील. खाली सही केली. 'भा'चा काना कागदाच्या वरच्या कडेपर्यंत गेला.

पद्मजाबाई सरबताचे पेले घेऊन आल्या तेव्हा भानुमतीबाई कागद वाचत होत्या. "भाभी," त्या म्हणाल्या, "इसमें कब तक, ये तो लिखा ही नहीं."

पद्मजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. भाऊराव टायरच्या नक्षीत बोट घालून खोली मोजत होते आणि गुणगुणत होते. पद्मजाबाईंनी पेले बॉनेटवर ठेवले, कागद घेतला, पेन मागितलं आणि खिरवडकरांच्या वॉरंटीत पहिली अट घातली: दुरुस्ती कुठलीही असो, शनिवारी यांना संध्याकाळी सहाच्या आत घरी आणून सोडावं.

भानुमतीबाईंनी अट दोनदा वाचली, लाल पेन काढलं आणि विचार केला.

"सात कर दीजिए, भाभी."

पद्मजाबाई साडेसहाच्या पुढे गेल्या नाहीत.